रणगाडेवाल्याची खुर्ची

कुठल्याही वस्तूवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, "पुढून जाड, मागून पातळ!" मग तो लिफ्टचा दरवाजा असो, आमचा फ्रिज असो, नाहीतर इथल्या, सिंगापूरच्या, बेडोकमधल्या खाऊगल्लीतलं टेबल असो. आमच्या फ्लॅटचं लोखंडी गेट वाजवून रणगाडेवाल्यांनी पहिल्यांदा हे म्हटलं, तेव्हा मला वाटलं, हा माणूस भंगार विचारायला आलाय.

मूळचे नागपूरचे. आमच्या वरच्या मजल्यावर एका चिनी कुटुंबाकडे खोली भाड्याने घेऊन राहायचे. शिपयार्डात इंजिनिअर होते, जुन्या जहाजांच्या पत्र्याची जाडी मोजायची हे काम. बायको नागपूरला शाळेत शिकवायची, म्हणून ती तिकडेच. आणि उरलेल्या वेळात हे गृहस्थ प्लास्टिकचे रणगाडे बनवायचे. खेळणी नव्हेत हं! दुसऱ्या महायुद्धात ज्या ज्या देशाने जे जे रणगाडे काढले, ते सगळे, हाताच्या पंजावर मावतील एवढे, नटबोल्टासकट. डिंकाचा आणि रंगाचा वास घरमालकिणीला सहन होत नसे, म्हणून कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसून काम चालायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. जगातली एकच गोष्ट याला येते आणि बाकीचं सगळं जग हा त्या एका गोष्टीतून बघतो. असल्या माणसांचा मला एरवी कंटाळा येतो. या माणसाचा मात्र मी दोन वर्षं जळफळून हेवा केला. आता लपवायचं काय त्यात!

त्याचं कारण माझे बाबा.

आई गेली आणि मी बाबांना खडकीहून सिंगापूरला घेऊन आले. दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. पस्तीस वर्षं त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काढलेली. माझ्या आठवणीत त्यांचा ग्रीसचा वास आहे, खाकी डबा आहे, सायकल आहे. बोलणं नाही. शाळेत पहिली आले, "हं." लग्न ठरलं, "हं." मला वाटायचं, आता तरी. आता आई मध्ये नाही, घरात आम्ही दोघंच असतो, नवरा महिन्यातले वीस दिवस जकार्ताला. तांजोंग पगारच्या ऑफिसातून मी धावतपळत सहाची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून घरी यायचे, चहा करायचे आणि शेजारी बसून दिवसभराचं सांगायचे. बाबा कपाकडे बघून म्हणायचे, "हं."

चार महिने असे गेले. मग पोस्टमनने वरच्यांचं पार्सल आमच्या दारात टाकलं आणि ते घ्यायला हा माणूस आला.

खोका टेबलावर होता. वर रणगाड्याचं चित्र. बाबांनी जेवता जेवता मान वर केली आणि म्हणाले, "शर्मन."

मी उडालेच. मी न विचारता बाबांच्या तोंडून निघालेला तो चार महिन्यांतला पहिला शब्द.

"अरे वा! काकांना माहिती आहे जी!" असं म्हणत रणगाडेवाल्यांनी बाबांच्या डाव्या हाताची खुर्ची ओढली आणि बसले की त्यावर!

ती आईची जागा. म्हणजे आई काही या घरात कधी जेवली नव्हती. पण खडकीला ती कायम बाबांच्या डाव्या हाताला बसायची. ती गेल्यावर तिथे कोणी बसलं नाही, आणि इथेही ती खुर्ची मी रिकामीच ठेवली होती. मी उजवीकडे बसायचे, लहानपणापासून बसत आले तशीच. माझ्या कपाळावर आठी चढली. पण पाहुण्याला उठ कसं म्हणणार? आणि तेवढ्यात बाबा बोलायलाच लागले.

"पाच इंजिनं होती त्यात. मोटारीची. पाच एकत्र बांधलेली."

"हो ना! अमेरिकेला घाई होती काका. नवं इंजिन कोण काढत बसणार? मोटारींचे कारखाने होते, घेतली पाच अन् बांधली."

"पाच कार्ब्युरेटर. एक जरी बिघडला तरी गाडी खोकते. आम्ही कानाने लावायचो."

मी हातात पोळी घेऊन उभी. बाबांना वाक्यं येतात! चांगली लांबलचक, क्रियापदासकट येतात!

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी "जय भीम, काका!" अशी हाक गेटपाशी यायची आणि बाबा "जय भीम, या या!" म्हणत स्वतः उठून दार उघडायचे. मला म्हणाले, "वर्कशॉपात आम्ही निम्मे जण असेच भेटायचो." हेसुद्धा मला तेव्हाच कळलं.

मग काय, माझ्या जेवणाच्या टेबलावर महायुद्ध. रशियाने अख्खे कारखाने रेल्वेत घालून उरल डोंगरापलीकडे कसे नेले, घाईत कधी रंग न लावताच गाड्या लढाईला कशा पाठवल्या. जर्मनांनी एकात एक गुंतवलेली अशी देखणी चाकं केली की आतलं एक बदलायचं तर बाहेरची सगळी काढा, आणि थंडीत त्यांच्यामध्ये चिखल गोठला की बसा बोंबलत. इंग्रजांनी शेवटी रणगाड्यातच चहाचं पाणी उकळायची सोय केली, हे रणगाडेवाल्यांनी हसत सांगितलं, तर बाबा शांतपणे म्हणाले, "सेंच्युरियन. मी त्यात भात शिजवलाय."

भात! माझ्या बापाने रणगाड्यात भात शिजवला आणि ही गोष्ट मला माझ्याच घरात, परक्या माणसाला वाढताना कळावी!

एकदा मी पोळ्या वाढत होते. घाईत केलेल्या, एक गोल तर एक नकाशा. रणगाडेवाल्यांनी ताटावर टकटक केलं आणि म्हणाले, "ताईंची पोळी रशियन आहे काका. दिसायला ओबडधोबड, पण वेळेवर पोचते."

बाबा हसले. खो-खो हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तवा आपटला. इतकी वर्षं मी त्या हसण्याची वाट बघत होते आणि ते आलं ते माझ्या पोळीवर, दुसऱ्याच्या तोंडून.

बोटॅनिक गार्डनला चला म्हणून मी दोन महिने बाबांच्या मागे लागले होते. "पाय दुखतात." रणगाडेवाले म्हणाले, जपानी रणगाडे मलायातून खाली उतरून कुठे आले ते दाखवतो. तर बाबा बूट घालून तयार! दोघं बसने बुकित तिमाच्या टेकडीला गेले, चढ चढले, आणि घामाघूम होऊन आले. "काय ते चिमुकले जपानी रणगाडे," बाबा मला सांगत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. "पण इंग्रजांना वाटलं, रबराच्या मळ्यातून रणगाडा येतोय कशाला. गाफील राहिले." मी विचारलं, "पाय नाही दुखले?" बाबा म्हणाले, "हं."

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. मी तरातरा वर गेले. कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसून हे चिमट्याने साखळीची कडी जोडत होते.

"तुम्ही काय जादू केलीय हो त्यांच्यावर?" मी म्हटलं. "माझे वडील आहेत ते. माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत आणि तुमच्याशी..." रडूच आलं, संतापाने.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. स्टुलावर हळूच टकटक केलं. पण नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत.

"ताई, तुम्ही नेहमी उजवीकडून बोलता."

"म्हणजे?"

"काकांचा उजवा कान गेलेला आहे. पूर्ण. फिटर माणूस एक कान इंजिनाला देतो जी. पाच कार्ब्युरेटर कानाने लावायचे, तर कान आत घालावा लागतो. डावा आहे, तोही निम्मा."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"कशाला सांगतील? मेडिकलमध्ये कळलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून सगळी नोकरी लपवलं असणार. मग सवयच लागली. मला पहिल्याच दिवशी समजलं. शिपयार्डात आमचे निम्मे लोक असेच आहेत."

म्हणजे आईला हे माहीत होतं, म्हणून ती डावीकडे बसायची. आणि मी चाळीस वर्षं पहिल्या नंबरापासून प्रमोशनपर्यंत सगळं एका बंद दाराला सांगत आले होते. बाबा ओठ हलताना बघायचे आणि अंदाजाने "हं" म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्याच दिवशी मी जाऊन डावीकडे बसले असेन. छे! चूक करणं सोपं असतं, पण ती दुसऱ्याने दाखवली की अंगाला झोंबते. मला चाळीस वर्षांत कळलं नाही ते या माणसाला एका जेवणात कळलं, या विचाराने मी आणखीच जळले. शिवाय दर रविवारी ती खुर्ची त्यांचीच असायची. आणि बाकीचे सहा दिवस? बाकीचे सहा दिवस मला भीती वाटायची. मी त्या बाजूला बसले आणि तरीही बाबा "हं" म्हणाले तर? मग दोष द्यायला कानसुद्धा उरणार नाही.

असे आणखी सात-आठ महिने मी घालवले. लिहितानाही लाज वाटते.

मग मंदी आली. शिपयार्डातलं काम आटलं, त्यांचा नोकरीचा पास पुढे वाढला नाही. महिन्याभरात देश सोडायचा. बहुतेक रणगाडे त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून नागपूरला पाठवले. मी त्यांना शेवटच्या रविवारी जेवायला बोलावलं. खरं सांगते, थोडी खूषच होते.

पुरणपोळी केली होती. डावीकडची खुर्ची पुसून ठेवली होती. ते आले, "जय भीम, काका" म्हणाले, आणि टेबलाला वळसा घालून सरळ उजवीकडे, माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

"अहो, तिकडे बसा ना," मी म्हटलं.

"इथंच बरं आहे, ताई. पंखा लागतो." पंखा दोन्हीकडे सारखाच लागत होता.

वाढून झाल्यावर मला बसायला एकच जागा उरली. मी बसले. आईच्या जागेवर. पानात तूप वाढत मी बाबांच्या डाव्या कानाशी म्हटलं, "बाबा, रणगाड्यात भात शिजवलात तेव्हा तो लागला नाही का खाली?"

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"लागला ना," ते म्हणाले. "पार करपला. तुझ्या जन्माची तार आली होती त्या दिवशी. लक्ष कुठे होतं माझं?"

मग ते बोलत राहिले. तार कोणी आणली, साहेबाने रजा कशी दिली, आगगाडीत उभं राहून कसे आले, सगळं. मी पुरणपोळी हातात धरून ऐकत होते. रणगाडेवाले मुकाट्याने जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून तो शर्मन काढून टेबलावर ठेवला. मागचं झाकण उघडं, आत पाच इंजिनं, तांदळाच्या दाण्याएवढे पाच कार्ब्युरेटर. उठून बाबांच्या उजव्या खांद्याशी वाकले, हळू आवाजात दोन शब्द बोलले, पाया पडले आणि बाबांनी मान वर करेपर्यंत गेटबाहेर पोचले. गेटवर दोनदा टकटक ऐकू आली. ती मला. बाबांना नाही.

"काय म्हणाला गं तो?" बाबांनी मला विचारलं.

"येतो म्हणाले."

बाबा रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. मग माझ्यावर वैतागलेच.

"मग त्याला या बाजूला का नाही बसवलंस?"

खोटं कशाला बोलू, तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच. पण मी उठले मात्र नाही.