पिंपात चालते, धक्क्यावर अडते

पिंपातल्या पाण्यात बुडवली की होडीची मोटार शहाण्या मुलीसारखी चालायची. कानमिस्त्री पिंपाच्या काठाशी मान तिरकी करून, डोळे मिटून उभे राहत. दोन बोटं कार्बोरेटरच्या बारक्या स्क्रूवर. पाव फेरा आत, किंचित बाहेर. मोटार मंद, एकसारखी गुणगुणत राही. ते डोळे उघडत आणि म्हणत, "झालं."

पण ते झालेलं नसे. होडीवाली ताई आज तिसऱ्यांदा तीच मोटार हातगाडीवर घालून दारात उभी होती.

"भाऊ, तुमच्याकडे गुणी आणि माझ्याकडे आली की रुसते. सासरमाहेर करतेय का ही?"

"आता काय केलं तिनं?"

"तेच. नदी पार करते झोकात. पलीकडच्या धक्क्याशी वेग कमी केला की दोन उचक्या देते आणि गप्प. काल वल्ह्यानं काठ गाठला. एक आजोबा म्हणाले, मोटार नुसती शोभेला लावलीस का गं?"

मिस्त्री हसले नाहीत. पहिल्या खेपेला त्यांनी कार्बोरेटर उघडून स्लो जेटचं केसाएवढं भोक साफ केलं होतं. शिळ्या पेट्रोलचा चिकटा तिथंच बसतो आणि मोटार हळू चालताना गुदमरते. दुसऱ्या खेपेला फ्लोट, वायसर, प्लग, सगळं पाहिलं. आता पाहायचं काय, हेच त्यांना सुचेना.

बाकीचे मिस्त्री आधी मोटार उघडत आणि मग विचार करत. हे आधी ऐकत. "हिला हवा जास्त होतेय," म्हणत, आणि उघडल्यावर तसंच निघे. त्यावरूनच कानमिस्त्री हे नाव पडलं होतं. पण गेल्या आठवड्यात लेकीनं स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारली, ती त्यांना ऐकूच आली नव्हती. चौथ्यांदा ती समोर येऊन म्हणाली, "बाबा, चहाचं सरबत झालं." मग तिनं कानाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. मिस्त्री न भांडता हो म्हणाले. त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

मोटार पिंपातही अडखळत असेल आणि आपल्यालाच ते कळत नसेल तर? कान गेले, तर उरतं काय? नट काढणं-लावणं कुणालाही येतं.

"चला," ते एकदम म्हणाले. "मी होडीत बसतो."

ताई बघतच राहिली. पस्तीस वर्षांत मिस्त्री कुणाच्या होडीत चढले नव्हते. दुकानात फक्त मोटार आणायची. टाकी नाही, कारण दुसऱ्याच्या पेट्रोलमधला कचरा त्यांना नको असे. पिंपाशेजारी त्यांची स्वतःची टाकी होती, तिच्यावरच ते मोटार चालवून बघत.

नदीवर सगळंच वेगळं होतं. पाणी तळाला थापट्या मारत होतं, वारा कानात शिरत होता. या गलक्यातून मोटारीचा आवाज वेगळा कसा काढायचा? त्यांना काही धड ऐकू येईना, काही धड कळेना. धक्का जवळ आला. ताईनं वेग उतरवला. एक उचकी, दुसरी, आणि शांतता.

"बघा! खोटं सांगत होते का मी?"

मिस्त्रींनी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चाचपला. तो आत ओढला जाऊन चोखलेल्या कोयीसारखा चपटा झाला होता. त्यांची नजर नळीवरून टाकीवर गेली. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू होता, गच्च आवळलेला. त्यांनी तो सैल केला.

फुस्स. कुणीतरी दाबून ठेवलेला सुस्कारा सोडावा, इतकं बारीक.

"ऐकलंत?"

"काय?" ताई म्हणाली. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मिस्त्रींनी फुगा दाबून पुन्हा भरला. मग म्हणाले, "टाकीचा श्वास कोंडला होता, ताई. पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. वेगात असताना पंप कसंबसं ओढून घेतो, हळू झाला की त्याचा जोर पुरत नाही. स्क्रू कुणी आवळला?"

"मी. तुम्हीच सांगितलंत की! मागं टाकी घेऊन आले, तेव्हा परत पाठवलंत आणि म्हणालात, नेताना स्क्रू आवळत जा, पेट्रोल सांडतं. तोवर मी त्याला बोटही लावलं नव्हतं."

"आणि चालवताना सैल करा, हे नाही सांगितलं?"

"नाही. तेवढंच बोललात आणि पाना शोधायला लागलात. पाना तुमच्या हातातच होता."

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. ती टाकी, तो दिवस, तो पाना, काहीच आठवेना. परतताना मोटार धक्क्याशी मंद, एकसारखी गुणगुणली. तिचा ठोका न् ठोका त्यांना स्पष्ट ऐकू येत होता, आणि तरी चेहऱ्यावरचा गोंधळ हटत नव्हता.

घरी लेकीनं सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा खुलला. "म्हणजे कान ठणठणीत! गुरुवारची वेळ रद्द करू?"

"नको," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरांकडे जाऊ. कानांसाठी नव्हे."

"कशाला पण?"

ते कपातल्या चहाकडे पाहत राहिले. साखर घातली होती की घालायची होती?

"कशाला ते मी विसरायच्या आत," ते म्हणाले, "तू तेवढं लिहून ठेव."