आणि इतर श्रोते

बोरीत आमच्या गल्लीत किती वाजले असं कुणी विचारत नसे. गोदाकाकूंच्या ओसरीकडे तोंड करून "काकू, काय लागलंय?" एवढंच विचारायचं. मी शाळेत नोकरीला लागून नवीनच राहायला आले होते, तेव्हा जिंतूरची बस कधी येते हे विचारायला त्यांच्या दारात गेले. भाकरी थापता थापता मान वर न करता त्या म्हणाल्या, "आता भजनं चालू हायत. बातम्या लागल्या की नीघ, बस भेटती." मी मनातल्या मनात हसले, मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवून निवांत चहा केला आणि बस चुकवली. घड्याळ वीस मिनिटं मागं होतं. काकूंचा रेडिओ कधी मागं पडत नसे.

भजनं म्हणजे भाकरी, बातम्या म्हणजे चहा. शेतीचा कार्यक्रम लागला की डाळ चुलीवर चढे आणि तज्ज्ञांचा सल्ला संपला की उतरे. तो सल्ला गुमान ऐकून घेण्यातल्या काकू नव्हत्या. "साहेब, एकदा आमच्या सोयाबीनमधी येऊन उभं राहा, मंग बोला," असं त्या रेडिओला खडसावत. निवेदिकेनं नमस्कार म्हटलं की मात्र पदर सावरून "नमस्कार बाई, बसा" असं उत्तर देत. एकदा श्रुतिकेतली सासू सुनेला फार टाकून बोलायला लागली, तर काकूंनी रेडिओ फट्‌दिशी बंदच केला. "लेकराला जरा दम खाऊ द्या," म्हणाल्या. पुन्हा लावला तोवर श्रुतिका संपलेली. त्या सुनेचं पुढं काय झालं, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मला त्या गोष्टीचा अजून राग येतो.

दुपारी जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका आपापली निवडणं-टिपणं घेऊन काकूंच्या ओसरीवर जमत. फर्माइशीच्या गाण्यांची ती वेळ. त्यासाठी काकू दर महिन्याला पोस्टकार्ड पाठवत. हल्ली फोनवरून निरोप जातो हे त्यांना ठाऊक होतं, पण विश्वास पोस्टकार्डावर. त्या सांगत आणि मी लिही. आधी माझं नाव, मग शेजारच्या शकुंतलाबाई, शिवणकाम करणारी नसीमभाभी, अशी अख्खी गल्ली. सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, "गोदावरीबाई". रेडिओवर नावं वाचायला लागली की ओसरीवरचे सगळे हात थांबत. सात-आठ नावं झाली की निवेदिका म्हणे, "आणि इतर श्रोते," आणि गाणं सुरू होई. काकू पुन्हा सूप हातात घेत.

"काकू, तुमचं नाव पहिलं लिहू का?" मी दरवेळी विचारी.

"घरची बाई आधी बसती का गं जेवाया? पंगत उठू दे, मंग आपलं."

या पंगतीच्या हिशेबाची मला चीड यायची. कारण एकदा दोघीच असताना त्या हळूच म्हणाल्या होत्या, "लय वाटतं गं मास्तरीण, आपलं नाव हवेतनं आलं की कसं लागतं, ते एकदा ऐकावं."

मग गुडघे जास्तच दुखायला लागले आणि मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. महिना राहिला होता. त्या महिन्याचं पोस्टकार्ड त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, घरी आणलं आणि सरळ फाडून टाकलं. दुसऱ्या कार्डावर एकच नाव लिहिलं. मास्तरणीनं असला लबाडपणा करू नये, पण मी केला.

जायच्या आधल्या आठवड्यात आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. रेडिओवरची बाई म्हणाली, "हे गाणं ऐकायचं आहे बोरीहून गोदावरीबाईंना." बस, एवढंच. गाणं सुरू झालं. काकूंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. नसीमभाभीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गाणं संपलं. मग काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"आन् तुमची नावं?"

"नाही लिहिली."

"मला एकलीलाच ताटावर बसवलीस व्हय? आन् तुमी समद्या उपाशी?" संध्याकाळच्या चहापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चहात मात्र साखर नेहमीपेक्षा जास्त होती.

त्या पुण्याला गेल्या. रेडिओ ओसरीवरच ठेवून गेल्या. तिकडं नातीनं मोबाइलवर आपलंच केंद्र लावून दिलंय म्हणे. महिन्याभरानं दुपारी आम्ही नेहमीसारख्या बसलो होतो आणि रेडिओवर पहिलं नाव माझं आलं. मग शकुंतलाबाई, मग नसीमभाभी, अशी अख्खी गल्ली, त्याच क्रमानं. आम्ही श्वास रोखून पुढचं ऐकत होतो. निवेदिका म्हणाली, "आणि इतर श्रोते."

गाणं संपायच्या आत मी फोन लावला. "काकू, तुमचं नाव पुन्हा राहिलं."

"तुमची आली न्हवं समद्यांची?"

"आली."

"मंग झालं की. मी वाढायलेय अजून."