गॅस बंद आहे

कॉलेजातल्या शिपाईमावशींना वाचता येत नाही, असं समुपदेशक मॅडमनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मावशींनीही ते कधी खोडून काढलं नाही. त्यामुळेच तर हे काम त्यांच्याकडे आलं होतं. दर बुधवारी दुपारी मुलं डोक्यात घोळणारं सगळं वीस मिनिटं कागदावर उतरवायची, आणि मावशींनी ते कागद फाडून पाण्याच्या बादलीत बुडवायचे. कोणी वाचायचं नाही, हा नियम.

मावशी सातवी शिकल्या होत्या. आणि फाडायचं म्हटलं तरी डोळे काही मिटून घेता येत नाहीत. एका मुलीचं तिरकं अक्षर त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसलं. पानभर एकच ओळ, ‘गॅस बंद केला का?’

महिन्याभरात ती मुलगी मैत्रिणींबरोबर खिदळताना दिसू लागली. मावशी मात्र सकाळी घराला कुलूप लावून निघाल्या की अर्ध्या वाटेवरून परत फिरायच्या आणि शेगडीचं बटण चाचपायच्या. एकटा जीव, सांगणार कोणाला?

शेवटी एका बुधवारी त्यांनीही गुपचूप एक पान भरून तीच ओळ लिहिली, फाडली आणि बादलीत बुडवली. डोकं जरा हलकं झालं.

पुढच्या बुधवारी तिरक्या अक्षरातलं पान जवळजवळ कोरंच होतं. वरती एवढंच लिहिलं होतं, ‘मावशी, बंद आहे. आत्ताच बघून आले.’

मावशींचा हात कमरेकडे गेला. घराची एकुलती एक किल्ली तिथेच होती.