दुपारी दोनचा धमाका

मागच्या महिन्यात सावनेरच्या पुढच्या एका गावी जाणं झालं. आमच्या मनीषनगरच्या सोसायटीतली अश्विनी एका कोळसा कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्याच्या विभागात आहे. गावातल्या बायकांना काय हवंय, याचा फॉर्म तिला इंग्रजीत भरून हवा होता. काकू, तुमचं कॉन्व्हेंटचं इंग्लिश कधी कामाला येणार, म्हणाली... निघाले मी.

गावाला लागूनच उघडी खाण. शेतमजुरीला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी कंपनीनं तिथं पाळणाघर बांधून दिलंय. भिंतींवर ससे रंगवलेत, सतरंज्या स्वच्छ. पण मुलं कमी होत चालली होती. असंच चाललं तर बंद करावं लागेल, असं अश्विनी वाटेत सांगत होती.

फॉर्मवर छापील चौकोन होते... शिलाई मशीन, सोलर दिवे, पाण्याचा फिल्टर. पाळणाघर सांभाळणाऱ्या सुनीताताई काहीच बोलेनात. मीच आपली शहाणी, मशीनवर टिक करून मोकळी झाले.

नातवाला सोडायला आलेली एक आजी त्यांना म्हणाली, "मशीन भेटून राहिली तं घे ना वं. तोंडात गुळणी धरून काहून बसली?"

खिचडी खाऊन मुलं झोपली होती. दोन वाजता खाणीचा भोंगा वाजला. चार वर्षांची परी उठून बसली आणि शेजारी झोपलेल्या धाकट्या भावाच्या कानांवर तिनं दोन्ही हात दाबून धरले. अगदी रोजचं काम असावं तसं...

मग खाणीतल्या सुरुंगाचा धमाका झाला. खिडक्या थरथरल्या, पायाखालची फरशी हलली. परीचे स्वतःचे कान उघडेच होते.

सगळी मुलं उठून रडायला लागली. एकाला थोपटत सुनीताताई आता बोलल्या, "मशीन नको मॅडम. हा धमाका घंटा-दीड घंटा पुढं नेते का इचारा. लेकरं दचकते म्हणून बायांनी पाठवणं सोडलं. घरीच बसल्या तं मजुरी कोण देईन त्यायले?"

मला माझी शाळा आठवली. केजीच्या झोपेच्या तासाला सिस्टर घंटा वाजवू द्यायच्या नाहीत. मोठ्या मुली बूट हातात घेऊन व्हरांड्यातून जायच्या. आम्ही कोण मोठे लागून गेलो होतो... पण आमची झोप कुणीतरी जपत होतं.

मशीनवरची टिक खोडली. खाली 'इतर' अशी एक रिकामी ओळ होती, तिथे जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात सुनीताताईंचं म्हणणं लिहिलं.

अश्विनीनं ते वाचलं. हे सीएसआरमध्ये बसत नाही, म्हणाली. मशीन वाटली की फोटो तरी निघतो, धमाक्याची वेळ मात्र खाण मॅनेजरच्या हातात. तरी फॉर्म घेऊन ती स्वतः त्यांच्याकडे गेली. नकार मिळाला... शिफ्ट, सुरक्षेचे नियम वगैरे. पुढच्या आठवड्यात तिनं त्यांना दुपारी दोनला पाळणाघरातच आणून बसवलं. परीच्या शेजारी.

परवा पुन्हा गेले. खाण तिथंच आहे, धूळही तशीच. पण दाराबाहेर चिमुकल्या चपला बऱ्याच वाढल्या होत्या. दोन वाजले, अडीच वाजले... काहीच झालं नाही. धमाका आता साडेतीनला होतो, मुलं उठून खेळायला लागल्यावर.

सतरंजीच्या कडेला जरा पाठ टेकली आणि माझाच डोळा लागला. जाग आली तेव्हा परी माझा चष्मा घालून समोर बसली होती. उठवलं का नाही, असं सुनीताताईंना विचारलं, तर हसून म्हणाल्या, "झोपू द्या म्हटलं मॅडमले."

अश्विनी, तुला मनापासून थँक्यू गं. लहान मुलांच्या झोपेसाठी एका खाणीचं घड्याळ पुढे सरकलेलं मी या वयात पाहिलं...