उघडलेल्या पेपरची राखण

निमोणे रस्त्यावरच्या कॉलेजात अनिता गव्हाणे परीक्षा विभाग सांभाळतात. विद्यापीठाकडून प्रश्नपत्रिका पासवर्डनं बंद होऊन येते. परीक्षेआधी तासभर ती उघडून छापायचं काम त्यांचं. "बंद हाय तवर भ्या न्हाई," त्या म्हणतात. "उघडली की मग आपली जोखीम."

मार्चच्या परीक्षेत त्यांनी पेपर उघडला आणि माउसला हात नसताना पडद्यावरचा बाण सरकू लागला. सरळ पेपरच्या फाइलवर गेला. अनिताबाईंनी इंटरनेटची केबल उपटली. शोधल्यावर मशीनमध्ये लांबून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर सापडलं, मंगळवारी टाकलेलं. मंगळवारी त्या खुर्चीत दुरुस्तीला बसला होता सत्यजीत, संस्थेचे अध्यक्ष हौसराव आबांचा पुतण्या.

प्राचार्यांनी आबांना बोलावलं. आबा शांतपणे म्हणाले, "केबल काढली न्हवं? मग मिटलं. छापा."

"केबल काढूस्तवर काय गेलं, तुमाला ठाव हाय का?" अनिताबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मलाबी न्हाई. म्हंजी ह्यो पेपर फुटला असंच धरायचं."

"बाई, नोकरी आमच्या संस्थेत करता तुम्ही."

"व्हय. आन् पेपर तीनशे पोरांचा हाय."

त्यांच्यादेखतच अनिताबाईंनी विद्यापीठाला फोन लावला. सगळ्या केंद्रांना दुसरा पेपर गेला, परीक्षा तासभर उशिरा सुरू झाली. सत्यजीतचं काम सुटलं. अनिताबाईंची बदली ग्रंथालयात झाली. त्या रोज वेळेवर जाऊन पुस्तकांना कव्हरं घालत राहिल्या, माफी मागा म्हणणाऱ्यांना "कशाची?" एवढंच विचारायच्या.

दिवाळीआधीच्या परीक्षेला ती खुर्ची कुणी घेईना. प्राचार्यांनी त्यांनाच बोलावलं. आबाही तिथंच बसले होते. अनिताबाईंनी एक कागद पुढं केला: पेपरचं मशीन वेगळं, दुसऱ्या कामाला लावायचं नाही. पेपर उतरला की केबल काढायची. पेन ड्राइव्ह नाही, मोबाइल दाराबाहेर. छापून झालं की फाइल पुसायची. आणि खाली अध्यक्षांच्या सहीसाठी जागा.

आबांनी कागद दोनदा वाचला. "माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"न्हाई, आबा. माझ्यावरबी ठेवू नका. मी छापताना दुसरं माणूस समोर पायजे, तेबी लिवलंय."

आबांनी खिशातलं पेन काढलं. मग त्यांनी सही केली. अनिताबाईंनी तारीखही घालायला लावली.