देहूरोडची वचनचिठ्ठी आणि चाकणचा नळ

खरं सांगते, चाकणला मी धाकट्या बहिणीचं, रूथचं, नवं घर बघून जळायलाच निघाले होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा पिंपरीच्या एका कंपनीत टेम्पररी, दर काही महिन्यांनी ब्रेक. आम्ही दापोडीत रेल्वेलगत भाड्याच्या एका खोलीत. रूथचा नवरा पर्मनंट, वर चाकणला स्वतःच्या जागेत तीन खोल्या. आमचं माहेर एक, देवही एक, मग असं का?

नवीन वर्षाच्या उपासनेसाठी रूथ आदल्या दिवशीच माझ्याकडे आली होती. सकाळच्या लोकलने देहूरोडला उतरलो. तुम्ही गेलात तर स्टेशनबाहेरचा चहा पिऊनच पुढे निघा; लष्करी भागातून पायी जायला छान सावली आहे.

आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी ताटात वचनांच्या चिठ्ठ्या फिरतात. देवाने बायबलातल्या माणसांना दिलेलं एकेक वचन; जे हाती येईल ते वर्षभर आपलं. मला आलं इस्राएल लोकांच्या रानातल्या वणवणीचं: मी सोबत असेन. रूथला अब्राहामाचं: ही भूमी तुझी. जिला घर आहे, तिलाच भूमी! ती चिठ्ठी मांडीवर उलटी धरून मागे पेन्सिलीने काहीतरी लिहायला लागली. मी रागाने तोंड फिरवलं.

उपासनेनंतर रूथच्या घरी निघालो: तळेगावपर्यंत लोकल, पुढे चाकणची एसटी. खिडकीशी बसू नका, धूळ फार. रूथचा डोळा लागला, तिचं बायबल माझ्या मांडीवर होतं, तिची चिठ्ठी त्यातच. मी चिठ्ठ्या बदलल्या.

चाकणला कांद्याचे ट्रक आणि कांद्याचाच वास. घरात गुळगुळीत फरशी, उंच ओटा, आणि दारात स्वतःचा नळ! मी रोज पहाटे रांगेत हंडा धरून उभी राहते, ते आठवलं. जेवायला मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा.

"काय वचन मिळालं गं?" रूथच्या सासूबाईंनी विचारलं.

रूथने बायबल उघडलं, चिठ्ठी पाहिली, मग क्षणभर माझ्याकडे. "रानातलं मिळालंय, आत्याबाई."

"चांगलंच हाय की. अगं, देवानं अब्राहामाशी करार केला तवा अब्राहाम गाढ झोपला हुता. करार करताना दोघांनी बी कापल्याल्या जनावरांमधनं जायची रीत, पर देव एकलाच गेला. बोल त्यानं दिला, पाळायचा बी त्यानंच. आपून फकस्त वाट बघायची."

"आणि कुणी दुसऱ्याचं हिसकावून घेतलं तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"याकोबानं न्हाई का भावाचा आशीर्वाद लाटला? फळला बी त्याला. पर भावाच्या भ्यानं वीस वर्सं घराभाईर काढली."

संध्याकाळी रूथ स्टँडवर सोडायला आली. पिशवीभर कांदे दिले.

दापोडीला खोलीत आल्यावर मी ती चिठ्ठी काढली आणि पहिल्यांदाच उलटली. मागे रूथचं अक्षर होतं: 'ही ताईला द्यायची. देवा, तिला घर दे.'

पुढे नवरा पर्मनंट झाला, आम्हालाही घर झालं. रूथच्या नळाचा हेवा केव्हाच संपला. पण मी तिच्यावर जळत बसले होते तेव्हा ती माझ्यासाठी मागत होती. त्या मनाचा हेवा मात्र अजून जात नाही.