मोजणीबाईच्या कागदावरचं शून्य

दोन हजार बावीस साल. मी तेव्हा आधार कार्डाप्रमाणे अडुसष्ट वर्षांचा होतो आणि आईच्या सांगण्याप्रमाणे एकाहत्तर. त्या वर्षी पेडगावजवळच्या आमच्या वस्तीवर शेळ्यांचं काम करणाऱ्या एका संस्थेची बाई आली. तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला शिंप्याची टेप लोंबायची. शेळीची छाती मोज, गोठ्याचं दार मोज, पाण्याच्या टाक्याची खोली मोज. एकदा बोलता बोलता तिनं माझ्या पटक्याचा घेर मोजला आणि म्हणाली, "आबा, बोकडाच्या छातीपेक्षा दोन बोटं जास्तच हाय." मी रागवायचं ठरवत होतो, तोवर आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, हसून हसून खाली बसली होती. त्या दिवसापासून वस्तीवर तिचं नाव मोजणीबाई पडलं. तिचं खरं नाव मला अजून ठाऊक नाही, आणि विचारायला मी जाणारही नाही.

तिचं एक बोलणं ठरलेलं होतं. आपण म्हणावं, पिल्लू आता बरं हाय. ती लगेच म्हणणार, "किती बरं? बरं हे काय माप न्हाई." मग पिल्लाला फडक्याच्या झोळीत घालायचं, लिंबाच्या फांदीला लटकवलेल्या काट्याला अडकवायचं, आणि ते ओरडत असताना आकडा वाचायचा. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पण शेळी उचलून वजन सांगण्यात मला हरवणारा परभणीच्या बाजारात कोणी नव्हता. मी उचलून म्हणायचो, साडेनऊ. काटा म्हणायचा, साडेनऊ. बाई टाळी द्यायची. एकदा मी पाव किलोनं चुकलो, तर मी काटाच खोटा ठरवला. तिनं साखरेचा एक किलोचा पुडा लावून दाखवला. काटा बरोबर निघाला. मी म्हणालो, साखर ओली हाय.

ही थट्टा झाली. पण पहिल्याच दिवशी मी एक काम करून बसलो होतो, ते थट्टेचं नव्हतं. पारावर सगळे जमले असताना बाईनं विचारलं होतं, "आबा, गेल्या साली तुमची किती पिल्लं दगावली?" आता चार लोकांत असं विचारतात का? ज्याच्या गोठ्यात पिल्लं मरतात त्याला आमच्यात कोणी शेळीवाला म्हणत नाही. मी मिशीवर हात ठेवून म्हणालो, "एकबी न्हाई." तिनं तीनदा विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. आणि माझी मेली नाहीत म्हटल्यावर दुसऱ्या कोणाची कशी मरतील? सगळ्या पारानं एकबी न्हाई सांगितलं. तिनं खाली मान घालून सगळ्यांपुढं शून्य लिहिलं.

मग दोन वर्षं तिनं वस्ती हलवून सोडली. लस आली, जंताचं औषध आलं, पावसाळ्यात पिल्लांखाली कोरडं अंथरायची सक्ती आली. बायकांना तिनं सुई टोचायला शिकवलं. आमची म्हातारी सुई घेऊन निघाली की शेळ्यांच्या आधी मी पळायचो. पिल्लं जगायला लागली. गोठ्यात इतक्या उड्या चालायच्या की मला दाराशी उभं राहायला जागा उरेना. बाई दर आठवड्याला स्वतः येऊन मोजायची, त्यामुळे आता खोटं सांगायची सोय नव्हती.

चोवीस साली एक दिवस ती आमच्या ओट्यावर येऊन बसली, तेव्हा टेप पिशवीत होती. हातात कागद होता.

"आबा, संस्थेला पैसा देणाऱ्यांचा साहेब परवा यायलाय. काम पुढं चालवायचं का बंद करायचं, हा कागद बघून ठरवणार. ऐका. मी यायच्या आधी वस्तीवर मेलेली पिल्लं, शून्य. ह्या साली मेलेली, नऊ. कागद म्हणतोय, माझ्यामुळं नऊ पिल्लं मेली."

मला आधी हसू आलं. मग तिच्या तोंडाकडं बघून ते गिळलं. "मग ते शून्य खोड की. पेन्सिलीनंच तर लिहिलंस."

"खोडलं की मी खोटी झाले. तुमी खोटं सांगितलं ते सांगितलं. आता खरं तुमच्याच तोंडून यायला पाहिजे, आणि नुसत्या तोंडाला साहेब मानत न्हाई."

आतून म्हातारी बोलली, "अवं, वळचण हाय की." ती बाहेर आली आणि छपराच्या वळचणीतून दोऱ्या उपसायला लागली. आमच्यात पिल्लू जन्मलं की फाटलेल्या लुगड्याच्या काठाची दोरी वळून त्याच्या गळ्यात बांधतात. ते पिल्लू मेलं तर ती दोरी दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाहीत, वळचणीला खोचून ठेवतात. म्हातारीनं दोऱ्यांचा ढीग केला आणि रंग निवडले. "बाई, तू यायच्या आधल्या साली माझं हिरवं लुगडं फाटलं. त्या सालच्या समद्या हिरव्या. मोज."

सतरा निघाल्या.

मोजणीबाई रडायला लागली आणि त्यातच हसायला लागली. म्हातारी हिरव्या दोऱ्या खांद्यावर टाकून घरोघर निघाली. "आमच्या ह्यांची सतरा मेली होती, तुमच्यांची काढा," असं ओरडत. संध्याकाळपर्यंत मला वस्तीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि पारावर लाल, जांभळ्या, पिवळ्या दोऱ्यांचा ढीग पडला.

साहेब कच्चा नव्हता. "ह्या दोऱ्या त्याच वर्षाच्या कशावरून?" असं विचारून त्यानं एकेका बाईला लांब नेलं आणि तिच्या शेजारणीचं त्या साली कोणत्या रंगाचं लुगडं फाटलं होतं, ते विचारलं. बायकांना स्वतःचं वय सांगता येत नाही, पण शेजारणीचं लुगडं कोण विसरतं? सगळ्यांची उत्तरं जुळली. एकीनं तर ते कुठल्या दुकानातलं आणि किती घासाघीस करून आणलेलं, तेही सांगितलं. मग तो माझ्याकडं वळला. मी पटका नीट केला आणि सगळ्या पारादेखत म्हणालो, "माझी सतरा मेली होती. ह्या साली दोन." जन्मात एवढं जड काही उचललं नव्हतं. साहेबानं जुनं शून्य तसंच ठेवलं, शेजारी दोऱ्यांचा आकडा लिहिला आणि खाली दोन्हीचं कारण लिहिलं.

काम चाललं. इतकं चाललं, की त्यांनी तेच काम गंगाखेडकडच्या एका वस्तीवरही द्यायचं ठरवलं आणि मोजणीबाईला तिकडं पाठवलं. इथं आता आमच्या बायका पुरेशा होत्या. जाताना ती म्हातारीच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "उद्या तिथल्या पारावर पहिली बैठक हाय. तिथंबी कोणी तरी आबा असंलच."

"असंल की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली बस धरून तिकडं गेलो, त्या अनोळखी म्हाताऱ्यांच्या मधोमध पारावर बसलो, आणि बाईनं वही उघडायच्या आत माझी सतरा सांगून टाकली.